डोक्यात शंट, दुखणं पोटात : ऑपरेशननंतर वर्षांनी उद्भवणाऱ्या दुर्मिळ गुंतागुंती

सेलवास : शौचाला बसल्यावर गुदद्वारातून पांढरट, रबरासारखी बारीक नळी लोंबताना दिसते. पोटात फारसं दुखत नाही, रक्त नाही, बऱ्याचदा तापही नसतो. घरच्यांना वाटतं जंत पडला. कुणी म्हणतं ओढून काढा, कुणी म्हणतं आत ढकला. प्रत्यक्षात त्या नळीचं दुसरं टोक मेंदूत असतं. काही महिन्यांपूर्वी किंवा काही वर्षांपूर्वी 'डोक्यात पाणी झालं' म्हणून शंटचं ऑपरेशन झालेलं असतं आणि पोटात सोडलेल्या त्या नळीने आता आतडं भेदलेलं असतं.

असं क्वचितच होतं. शंट बसवलेल्यांमध्ये हे प्रमाण एक टक्क्याच्याही खाली आहे. पण ज्याला होतं त्याच्यासाठी पुढचे काही तास मोलाचे असतात, कारण आतड्यातल्या जंतूंना थेट मेंदूपर्यंत जायला आयता रस्ता मिळालेला असतो.

दादरा-नगर हवेलीत आणि लागून असलेल्या तलासरी, डहाणू, जव्हार, विक्रमगड या पट्ट्यात या विषयाला आणखी एक बाजू आहे. इथल्या माणसाचं डोक्याचं ऑपरेशन होतं एका राज्यात आणि दुखणं निघतं दुसऱ्या राज्यात. मुंबईला केईएम, सायन, जे. जे.ला नाहीतर सुरत-नाशिकला शंट बसतो. माणूस बरा होतो, मसाट किंवा पिपरियाच्या कारखान्यात पुन्हा कामाला लागतो, डोक्यावर केस येतात आणि कानामागचा तो छोटा उंचवटा झाकून जातो. दोन वर्षांनी पोट फुगलं की तो जवळच्या दवाखान्यात, खानवेलच्या रुग्णालयात किंवा सेलवासच्या श्री विनोबा भावे सिव्हिल हॉस्पिटलमध्ये जातो. डॉक्टर पोट तपासतात. रुग्ण डोक्याच्या ऑपरेशनबद्दल बोलतच नाही, कारण त्याच्या लेखी पोटदुखीशी त्याचा संबंधच काय? गफलत होते ती इथे.

पाणी कसलं आणि नळी कशाला

मेंदूत काही बाहेरून पाणी शिरत नाही. मेंदूच्या आतल्या पोकळ्यांमध्ये एक स्वच्छ द्रव सतत तयार होत असतो, त्याला मेंदूजल म्हणूया. मोठ्या माणसात दिवसाला साधारण अर्धा लिटर तयार होतो, पण एका वेळी डोक्यात आणि पाठीच्या कण्यात मिळून दीडशे मिलिलिटरच्या आसपासच असतो. म्हणजे दिवसातून तीन-चार वेळा सगळं पाणी बदलतं. तयार होतं तेवढंच रक्तात शोषलं गेलं पाहिजे. वाट तुंबली किंवा शोषण मंदावलं की पोकळ्या फुगतात. हाच हायड्रोसेफॅलस.

लहान बाळाची कवटी मऊ असते, त्यामुळे डोकं मोठं होतं आणि आईच्या लक्षात येतं. मोठ्या माणसाची कवटी पक्की. डोकं मोठं दिसत नाही, आतला दाब वाढतो. डोकेदुखी, उलटी, नजर अंधुक, गुंगी. आपल्याकडे मोठ्यांमध्ये याचं एक मोठं कारण म्हणजे टीबीचा मेंदूज्वर. जगातल्या टीबी रुग्णांपैकी जवळपास पाव रुग्ण भारतात आहेत, त्यामुळे हे कारण इथे पुस्तकापुरतं राहत नाही. त्याशिवाय मेंदूतला रक्तस्राव, गाठ, डोक्याला मार, मेंदूत पोर्क टेपवर्मच्या अळ्यांच्या गाठी होणे ही कारणं आहेत. आणि साठीनंतरचा एक वेगळाच प्रकार आहे. त्यात दाब मोजला तर फार वाढलेला नसतो, पण पाय जमिनीला चिकटल्यासारखी चाल होते, लघवी आवरत नाही, विसरायला होतं. कोलंबियाचे न्यूरोसर्जन सालोमोन हाकीम यांनी हा प्रकार १९६५ मध्ये जगापुढे मांडला. आपल्याकडे आजही अशा आजी-आजोबांना 'म्हातारपण आलं' म्हणून घरी बसवलं जातं.

उपाय म्हणजे पाण्याला दुसरी वाट करून देणं. मेंदूच्या पोकळीतून एक सिलिकॉनची नळी काढतात, कानामागे व्हॉल्व्ह बसवतात आणि तिथून मानेच्या, छातीच्या कातडीखालून नळी पोटाच्या पोकळीत सोडतात. हा व्हीपी शंट. दमणगंगेवरच्या मधुबन धरणाचे दरवाजे जसे पातळी बघून उघडतात, तसा व्हॉल्व्ह दाब वाढला की उघडतो. पोटात आलेलं पाणी शरीर शोषून घेतं.

या व्हॉल्व्हची गोष्टही सांगण्यासारखी आहे. १९५०च्या दशकात अमेरिकेतल्या जॉन होल्टर या कारागिराच्या मुलाला हायड्रोसेफॅलस होता. त्या बापाने सर्जन युजीन स्पिट्झ यांच्याबरोबर डोकं लावून सिलिकॉनचा व्हॉल्व्ह बनवला. पुढे जगभर हजारो रुग्णांत तो वापरला गेला. भारतात शाहजहानपूरला बनणारा छाबरा शंट अनेक सरकारी रुग्णालयांत वापरला जातो. शंट बिघडला की नातेवाईक पहिल्यांदा म्हणतात, "स्वस्तातला बसवला म्हणून झालं." यावर युगांडात १९५ मुलांचा अभ्यास झाला आणि २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. छाबरा शंट आणि त्याच्या कितीतरी पट महाग परदेशी शंट यांच्या पहिल्या वर्षाच्या निकालांत लक्षणीय फरक आढळला नाही. अभ्यास मुलांचा होता हे खरं, पण घरदार गहाण टाकून महाग शंट आणला नाही याची खंत बाळगायचं कारण नाही.

आधी नेहमीचे बिघाड

दुर्मिळ गोष्टींआधी नेहमीच्या दोन : नळी तुंबणं आणि जंतुसंसर्ग. लहान मुलांत तर पहिल्या वर्षातच सुमारे ४० टक्के शंट बिघडतात. मोठ्यांत प्रमाण त्याहून कमी, पण नगण्य नाही. नळी तुंबली की जुनी लक्षणं परत येतात, पहाटे उठताना डोकं ठणकतं, उलटी होते, झोप आवरत नाही. काहींचं डोकं दुखतही नाही, नजर तेवढी कमी होत जाते. चष्म्याचा नंबर वाढला असेल म्हणून महिनोन्महिने काढले तर गेलेली नजर परत येत नाही. संसर्ग बहुधा पहिल्या काही महिन्यांत होतो. ब्रिटन-आयर्लंडमधल्या सोळाशेहून अधिक रुग्णांच्या चाचणीत, २०१९ मध्ये, अँटिबायोटिक मुरवलेल्या नळ्यांमुळे संसर्ग सहा टक्क्यांवरून दोन टक्क्यांपर्यंत आल्याचं दिसलं. नव्याने शंट बसवायचा असेल तर हे विचारून घ्यावं.

नळी आतडं भेदते तेव्हा

सुरुवातीला सांगितलेल्या प्रसंगाकडे परत येऊ. मऊ सिलिकॉनची नळी आतडं कशी फाडेल, असा प्रश्न पडतो. ती फाडत नाही. वर्षानुवर्षं एकाच जागी घासत राहते, भोवती तंतूंचं आवरण तयार होतं, नळी तिथे अडकते आणि तिचं टोक हळूहळू आतड्याच्या भिंतीत रुतत जातं. शेवटी आत शिरतं. ते आवरणच भोक झाकून ठेवत असल्यामुळे पोटभर पू होत नाही. म्हणून तर बहुतेकांचं पोट दुखत नाही आणि म्हणूनच निदान उशिरा होतं. आतड्याची हालचाल नळीला पुढे ढकलत नेते आणि एक दिवस ती बाहेर दिसते. क्वचित ती तोंडातून, बेंबीतून किंवा योनिमार्गातूनही बाहेर आल्याची प्रकरणं नोंदवलेली आहेत. ऐकायला विचित्र वाटतं, पण नळी जिथे वाट मिळेल तिथे जाते.

नळी दिसतच नाही आणि फक्त ताप, मान आखडणं, गुंगी असा मेंदूज्वर होतो, असंही घडतं. शंट असलेल्या माणसाच्या मेंदूजलात आतड्यात राहणारे जंतू, उदाहरणार्थ ई. कोलाय, सापडले तर डॉक्टरांना पहिला संशय आतड्याचाच यायला हवा.

घरी काय करायचं? नळी ओढायची नाही, आत ढकलायची नाही, कापायची नाही. स्वच्छ कापडात किंवा गॉजमध्ये गुंडाळून तसंच रुग्णालय गाठायचं. ओढल्याने तुटण्याचा धोका असतो. आत ढकलल्याने आतड्याची घाण लागलेलं टोक पुन्हा पोटाच्या पोकळीत जातं. सर्जनही ती वरच्या बाजूने खेचून काढत नाहीत. वरच नळी कापून तिचा खालचा तुकडा गुदद्वाराच्या बाजूने बाहेर काढतात, मेंदूकडचं टोक तात्पुरतं बाहेरच्या पिशवीला जोडतात, अँटिबायोटिक देतात आणि मेंदूजल जंतुमुक्त झाल्यावर नवा शंट बसवतात. पोट मोठं उघडायची गरज बऱ्याचदा पडत नाही. हे काम टोलनाक्यावर उभ्या ॲम्ब्युलन्समध्ये होत नाही हे खरं, पण नळीचं टोक झाकणं आणि कुणाला ओढू न देणं हे मात्र घरीच होतं.

फुगलेलं पोट

शंटमधून येणारं पाणी शोषलं गेलं नाही की दोन प्रकार होतात. एक, नळीच्या टोकाभोवती पाण्याची पिशवी साठते. तिला खरी गाठीसारखी भिंत नसते, म्हणून तिला खोटी गाठ म्हणतात. अनेकदा त्यामागे सौम्य, छुपा संसर्ग असतो. दुसरा, पाणी सबंध पोटात पसरून जलोदर होतो.

दोन्हींत रुग्ण पोटाचीच तक्रार घेऊन येतो. बाईची सोनोग्राफी झाली तर त्या पिशवीला अंडाशयाची गाठ समजण्याची चूक होऊ शकते. टीबीच्या मेंदूज्वरामुळे शंट बसलेल्या माणसाचं पोट फुगलं तर 'पोटाचा टीबी' हे निदान सहज पुढे येतं. तेही शक्य असतंच! पण शंट आहे हे कळलं तर डॉक्टर पोटातलं पाणी तपासायला पाठवतात. बीटा-टू ट्रान्सफेरिन नावाचं एक प्रथिन मेंदूजलात असतं, पोटातल्या पाण्यात ते सापडलं तर उत्तर मिळतं. नुसतं पाणी काढून रुग्णाला घरी पाठवून भागत नाही, कारण वरून पाणी येतच राहतं. नळीचं टोक दुसरीकडे न्यावं लागतं.

पोट तुंबलं की दाब उलटा वर चढतो. साध्या, बरेच दिवसांच्या बद्धकोष्ठानेही शंट नीट न चालल्याची आणि पोट साफ झाल्यावर तो पुन्हा चालू लागल्याची उदाहरणं आहेत. गरोदरपणातही पोटातला दाब वाढतो. शंट असलेल्या बाईचं बाळंतपण नॉर्मल होऊ शकतं, पण प्रसूती करणाऱ्या डॉक्टरांना नळीची जागा आधी माहीत हवी. तीच गोष्ट दुर्बिणीच्या ऑपरेशनची, कारण त्यात पोटात वायू भरतात. आणि अपेंडिक्स फुटलं तर पोटातला पू नळीजवळ असतो.

छातीत, हृदयात

नळी नेहमी खालीच जाते असं नाही. मानेच्या कातडीखालून ती ओवताना मोठ्या शिरेला बारीक इजा झाली, किंवा नंतर घासून झाली, तर श्वासाबरोबर छातीत तयार होणारी ओढ आणि रक्ताचा प्रवाह तिला हळूहळू शिरेत खेचतो. पोटातली नळी वर सरकत हृदयात, तिथून फुप्फुसाच्या धमनीत पोचते. अतिशय दुर्मिळ. पण धाप, छातीत धडधड किंवा नुसतंच शंट न चालणं अशा रूपात दिसते. काही रुग्णांत नळी श्वासपटलातून वर जाऊन फुप्फुसाभोवती पाणी साठतं. हे शोधायला महागडं यंत्र लागत नाही. डोकं, मान, छाती आणि पोट यांचे साधे एक्स-रे एकामागून एक काढले की नळीचा सगळा प्रवास दिसतो. ती तुटली असेल तर तेही. जुन्या नळीवर चुना बसतो, ती कडक होते आणि मानेत तुटू शकते, म्हणून त्या बाजूला जोराची मालिश टाळलेली बरी.

हृदयातच टोक सोडणारा शंटही असतो, पोट वापरता येत नसेल तेव्हा. त्याची एक गुंतागुंत मूत्रपिंडात निघते. नळीवर मंद संसर्ग राहतो, शरीर त्याच्याशी लढताना मूत्रपिंडाच्या गाळण्या सुजतात. अधूनमधून ताप, पायाला सूज, लघवीतून रक्त. किडनीची औषधं चालू राहतात आणि कारण कानामागे बसलेलं असतं. शंट काढून संसर्ग संपवला की मूत्रपिंड बऱ्याचदा सुधारतं, उशीर झाला तर नाही.

पाणी जास्तच निघालं तर

उभं राहिल्यावर नळीतलं पाणी स्वतःच्या वजनाने खाली ओढतं. जास्त पाणी निघालं तर मेंदू किंचित आक्रसतो, कवटी आणि मेंदूमधल्या बारीक शिरा ताणल्या जाऊन तुटतात आणि रक्त साठतं. वयस्कर माणसांत, रक्त पातळ करणारी गोळी चालू असणाऱ्यांत याची भीती जास्त. खूण सोपी आहे : उठून बसलं की डोकं दुखतं, आडवं झालं की कमी होतं. तुंबलेल्या शंटच्या बरोबर उलट. ही एक गोष्ट डॉक्टरांना सांगितली तरी तपासाची दिशा ठरते.

बाहेरून चुंबकाने दाब बदलता येणारे व्हॉल्व्ह आता वापरात आहेत. त्यांच्यावर मोठे हेडफोन, चुंबक असलेलं मोबाइलचं कव्हर कानामागे टेकवून ठेवू नये, वितभर दूर असलेलं बरं. जत्रेत आणि दारोदार विकल्या जाणाऱ्या 'चुंबकीय' उशा तर नकोच. एमआरआय करता येतो, पण आधी व्हॉल्व्ह कुठला हे सांगायचं आणि नंतर दाबाचं सेटिंग तपासून घ्यायचं. काही घरांत शंट चालतो का बघायला कानामागचा बुडबुडा रोज दाबून पाहतात. त्याने खात्रीशीर काही कळत नाही, डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय दाबू नये.

सीमेपलीकडे नेताना

७ मार्च २०२५ रोजी सेलवासला ४५० खाटांच्या नमो हॉस्पिटलच्या पहिल्या टप्प्याचं उद्घाटन झालं. पालघरच्या सीमेवरची माणसंही सेलवासला येतातच. पण समोरच्या डॉक्टरला रुग्णाचा इतिहास कळला नाही तर इमारत कितीही मोठी असून उपयोग होत नाही. डिस्चार्ज कार्ड बहुधा इंग्रजीत, तोंडी सूचना मराठीत किंवा गुजरातीत, घरात वारली किंवा कोकणा. यात 'शंट' हा शब्दच हरवतो. म्हणून रुग्णाने आणि घरातल्या निदान एकाने हे वाक्य पाठ ठेवावं : "डोक्यातून पोटात नळी सोडलेली आहे." गुजरातीत सांगायचं तर "माथामांथी पेटमां नळी मूकेली छे." ताप, पोटदुखी, पाय सुजणं, तक्रार कसलीही असो, पहिलं वाक्य हेच.

कागदांमध्ये चार गोष्टी हव्यात. ऑपरेशनची तारीख आणि बाजू, व्हॉल्व्हच्या खोक्यावरचा स्टिकर (त्यावर कंपनी आणि दाबाचा प्रकार असतो), ऑपरेशन का झालं ते कारण, आणि तब्येत चांगली असताना काढलेला सीटी स्कॅन. हा शेवटचा सगळ्यात जास्त हरवतो आणि सगळ्यात जास्त उपयोगी पडतो. काही जुन्या शंट रुग्णांच्या पोकळ्या शंट तुंबल्यावरही फुगत नाहीत, त्यामुळे आजचा स्कॅन 'नॉर्मल' दिसतो. जुना शेजारी ठेवला तरच फरक कळतो. सीडी जपून ठेवायची, कागदांचे फोटो मोबाइलवर आणि घरातल्या दुसऱ्या माणसाच्या मोबाइलवरही.

खर्चाचं म्हणाल तर आयुष्मान भारतचं कार्ड राज्याच्या सीमेवर थांबत नाही. कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचं संरक्षण देशातल्या कुठल्याही संलग्न रुग्णालयात वापरता येतं. रुग्णालय यादीत आहे का, हे १४५५५ या क्रमांकावर विचारता येतं. महाराष्ट्राची महात्मा फुले योजना मात्र महाराष्ट्रातल्या रहिवाशांसाठी आहे, तेव्हा तलासरीचा माणूस आणि सेलवासचा माणूस एकाच वॉर्डात शेजारी असले तरी त्यांचे कागद वेगळे लागतील.

मुंबई इथून पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास आहे आणि वाटेत घोडबंदरची कोंडी आहे. गुंगी येत असेल, उलट्या थांबत नसतील, झटका आला असेल, तर 'जिथे ऑपरेशन झालं तिथेच नेऊ' हा हट्ट सोडून आधी जवळच्या मोठ्या रुग्णालयात सीटी स्कॅन आणि प्राथमिक उपचार करून घ्यावेत. तिथले डॉक्टर स्कॅनचे फोटो मूळ सर्जनला पाठवू शकतात. निघण्याआधी पलीकडे न्यूरोसर्जन हजर आहे आणि खाट आहे, हे फोनवर पक्कं करून घ्यावं.